उमरेडकरांची न ठरलेली गोळी

आमच्या शेजारच्या उमरेडकरांकडे पिस्तूल नाही. पिस्तुलाचा परवाना नाही. परवान्याचा अर्जसुद्धा त्यांनी पाठवलेला नव्हता. असं असताना जवळजवळ दोन वर्षं, सुट्टीचे दिवस धरून, त्या नसलेल्या पिस्तुलात स्वसंरक्षणासाठी कुठली गोळी घालावी याचा अभ्यास ते करत होते. हा अभ्यास त्यांनी आपल्या बेसमेंटमध्ये बसून मुकाट्याने केला असता तर माझी काहीच तक्रार नसती. पण उमरेडकरांना अभ्यासाला श्रोता लागतो, आणि इथे कॅनडातल्या मिल्टनमध्ये आमची घरं जोडीची आहेत. मधली भिंत एकच.

उमरेडकर मूळचे नागपूरचे. वय अठ्ठेचाळीस, डोक्यावर बारा महिने लोकरीची टोपी. इथल्याच केंब्रिजला मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत ते क्वालिटीत आहेत. म्हणजे दिवसभर नट आणि बोल्ट नापास करतात. ती सवय त्यांच्यासोबत संध्याकाळी घरी येते. घर घेऊन पाच वर्षं झाली तरी त्यांच्या बेडरूमच्या खिडकीला चादर लावलेली आहे, कारण पडदे कोणते घ्यायचे ते ठरत नाही. बार्बेक्यू निवडून दुकानात गेले तेव्हा दुकानदाराने सगळे बार्बेक्यू काढून तिथे बर्फ काढायची फावडी मांडली होती. काहीही विचारा, उत्तर एकच. "फायनल नाही झालं अजून, भाऊ."

गोळीचं खूळ सुरू झालं ते मागच्या गल्लीत एका गराजमधून सायकली चोरीला गेल्या तेव्हा. दोन सायकली, त्यातल्या एकीला चेन नव्हती. उमरेडकर त्याच आठवड्यात बंदूक हाताळण्याचा दोन दिवसांचा सेफ्टी कोर्स करून आले, परीक्षेत पहिले आले आणि सर्टिफिकेट लॅमिनेट करून घरी लावलं. "घरी एकटा असतो ना मी," ते म्हणाले. वैशालीवहिनी त्या वेळी नागपूरला गेल्या होत्या. वडिलांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. नंतर दुसऱ्या डोळ्याचं झालं. नंतर तिकडे उन्हाळा फार होता, मग दिवाळी आली. माझी बायको मंजिरी एकदा म्हणाली, "डोळे दोनच असतात, नितीन." मी लक्ष दिलं नाही. माझं सगळं लक्ष गोळीने खाल्लं होतं.

कॅनडात खिशात पिस्तूल लपवून फिरता येत नाही, हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं. परवाना मिळाला तरी ते कुलूपबंद पेटीत ठेवायचं, गोळ्या वेगळ्या ठेवायच्या, आणि न्यायचं ते घरापासून नेमबाजीच्या क्लबच्या रेंजपर्यंत. वाटेत दुधाच्या पिशव्या घ्यायला थांबलात तरी पंचाईत.

"माहीत आहे ना भाऊ," उमरेडकर म्हणाले. "आज परवानगी नाही. उद्या कायदा बदलला तर? लोक धावत दुकानात जातील, जे हाती लागेल ते घेऊन येतील. आपला अभ्यास तयार राहील."

"कायदा बदलला तर आणखी कडक होईल, उमरेडकर."

"मग तर घाईच करायला पाहिजे," असं म्हणून त्यांनी यादीत आणखी अकरा ब्रँड घातले.

ही यादी म्हणजे एक लांबलचक एक्सेल शीट. आडव्या ओळींत गोळ्या, उभ्या रकान्यांत त्यांचे गुण. वजन, वेग, आवाज, धक्का, किंमत. स्वसंरक्षणाच्या गोळीला म्हणे टोकाला खड्डा असतो. अंगात शिरली की ती उमलते आणि तिथेच थांबते, पार होऊन पलीकडच्या माणसाला लागत नाही. हे मला माहीत असायचं काही कारण नव्हतं. मी नॉर्थ यॉर्कच्या एका ऑफिसात इन्शुरन्सचं सॉफ्टवेअर लिहितो. पण सकाळच्या गाडीत बसलो की फोन वाजायचा. "वजन एकशे चोवीस ग्रेन की एकशे सत्तेचाळीस? तुमचं काय मत आहे?" माझं मत असं होतं की मला झोपू द्यावं. मी म्हणायचो, एकशे चोवीस. "काहून?" ते विचारायचे, आणि युनियन स्टेशन येईपर्यंत एकशे सत्तेचाळीसची बाजू सांगायचे.

हे सगळं मी सोडून पळालो असतो. पण त्यात माझी मान अडकली होती. परवान्याच्या अर्जावर दोन ओळखीच्या माणसांच्या सह्या लागतात. अर्जदाराला आम्ही तीन वर्षं तरी ओळखतो, त्याच्या हाती बंदूक द्यायला आमच्या मते काही हरकत नाही, अशा अर्थाच्या. एक सही त्यांच्या ऑफिसातल्या एका पंजाबी सुपरवायझरने करून टाकली होती. दुसऱ्या जागी उमरेडकरांनी मला न विचारता पेन्सिलीने माझं नाव लिहिलं होतं, आणि तो अर्ज त्यांच्या फ्रिजवर चुंबकाने लावलेला होता. मी पाणी प्यायला गेलो की माझं नाव माझ्याकडे बघायचं.

"सही करायची नाही," मंजिरीने निक्षून सांगितलं. "उद्या काही झालं तर?"

"काय होणार आहे? तो माणूस मुंगीला वाट करून देतो."

"मग त्याला पिस्तूल कशाला पाहिजे?"

आमची नऊ वर्षांची चिऊ डोळे मोठे करून म्हणाली, "बाबा, इज अंकल गोइंग टू शूट समबडी?" मी म्हटलं, नाही गं. पण तोंडाने नाही म्हणणं वेगळं आणि कागदावर सही करणं वेगळं. मी आपला दिवस ढकलत होतो. गोळी फायनल झाल्याशिवाय अर्ज पाठवायचा नाही, असा त्यांचाच नियम होता, आणि गोळी या जन्मी फायनल होणार नाही अशी मला खात्री होती.

पहिल्या हिवाळ्यात मी गराजमध्ये विंटर टायर बदलत असताना उमरेडकर कॉफीचा मग घेऊन आले. पाच मिनिटं टायरकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "भाऊ, आपलं चुकून राहिलं."

"काय चुकलं?"

"अमेरिकेतले लोक गोळीची टेस्ट जीन्सच्या कापडावर करतात. टेक्ससमध्ये ठीक आहे. इथे जानेवारीत चोर येईल तो काय जीन्सवर येईल? आधी जाडजूड पार्का कोट, मग स्वेटर, मग थर्मल. गोळीच्या खड्ड्यात सगळी लोकर भरून जाईल. उमलणारच नाही ती."

"मग?"

"विंटर टायर असतात तशी विंटर गोळी पाहिजे."

मी हातातला पाना खाली ठेवला. ऑक्टोबरात थँक्सगिव्हिंगला विंटर गोळी, एप्रिलमध्ये समर गोळी. दुसऱ्या दिवशी एक्सेल शीटचे दोन भाग झाले. जुन्या कपड्यांच्या दुकानातून त्यांनी चार पार्का आणले आणि प्रत्येकाचं अस्तर उसवून जाडी मोजली. त्यातला एक पार्का चांगला निघाला, तो ते अजून वापरतात. त्या महिन्याभरातली ही एवढीच कमाई.

मग ठोकळ्याचं प्रकरण झालं. गोळीची परीक्षा जिलेटिनच्या ठोकळ्यावर घेतात, कारण जिलेटिन माणसाच्या अंगासारखं वागतं म्हणे. उमरेडकर तिथे अडले. जिलेटिन हाडांपासून करतात.

"वैशालीच्या पातेल्यात ते नाही शिजवता येत," ते म्हणाले. "तिला चालत नाही."

आता, स्वतः उमरेडकर सावजी चिकन घाम पुसत पुसत दोन माणसांचं खातात. वहिनी हजारो मैल दूर होत्या. मी म्हटलं, नवं पातेलं घ्या. ते म्हणाले, पाहून राहिलो, स्टीलचं घ्यावं की ॲल्युमिनियमचं ते फायनल नाही झालं. शेवटी मिसिसागाच्या देशी दुकानातली चायना ग्रासची सगळी पाकिटं उचलून आणली आणि एक शुद्ध शाकाहारी ठोकळा जमवला. पिस्तूल नव्हतं आणि परवान्याशिवाय गोळी मिळत नाही. म्हणून त्यांनी कारखान्यातून बेअरिंगचे टाकाऊ छर्रे आणले. ते वरच्या मजल्याच्या खिडकीतून छर्रा सोडणार, आणि मी खाली बॅकयार्डमध्ये टेप घेऊन तो ठोकळ्यात किती आत जातो ते मोजणार. मी का हो म्हटलं, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

पहिला छर्रा कुंपणावर गेला. दुसरा माझ्या चपलेपासून वीतभर. तिसरा बरोबर ठोकळ्यावर बसला, आणि ठोकळा फुटून चार बाजूंना चार तुकडे झाले. त्यातला एक माझ्या पायजम्यावर.

"डेटा मिळाला!" वरून आवाज आला.

"काय डेटा मिळाला?" मी ओरडलो.

"चायना ग्रास चालत नाही!"

असे दोन हिवाळे गेले. माझा संयम सुटला तो अमेरिकेतल्या बफेलोहून येताना. मार्चच्या सुट्टीत आम्ही खरेदीला निघालो होतो. "मीपण येतो, घरी एकटा काय करू," म्हणून उमरेडकर मागच्या सीटवर चिऊशेजारी बसले. आमची खरेदी होईपर्यंत ते कुठल्याशा दुकानातून फुकटचे कॅटलॉग गोळा करत होते. परतताना पुलापलीकडे कॅनडाच्या चौकीत आमची पाळी आली. खिडकीतल्या ऑफिसरने नेहमीचं विचारलं. दारू? तंबाखू? एनी फायरआर्म्स ऑर ॲम्युनिशन?

"नो," मी म्हटलं.

"नॉट येट, ऑफिसर," मागून आवाज आला. "स्टिल सिलेक्टिंग."

त्यानंतरचे अडीच तास आम्ही चौकीच्या हॉलमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसून काढले. गाडीतला प्रत्येक डबा उघडला गेला. मंजिरीने प्रवासासाठी केलेला चिवडा एका ऑफिसरने चमच्याने ढवळून पाहिला. मग उमरेडकरांच्या फायलीतून एक्सेल शीटची प्रिंट निघाली आणि एक पोक्त ऑफिसर चष्मा लावून ती वाचू लागला. वाचता वाचता त्याचं बोट एका रकान्यावर थांबलं. सगळ्यात जास्त मार्क त्या रकान्याला ठेवलेले होते.

"सर, व्हॉट इज चिऊ?"

उमरेडकरांनी माझ्या मुलीकडे बोट दाखवलं. "दॅट इज चिऊ. शी स्लीप्स बिहाइंड द वॉल."

हॉलमधले आणखी दोन ऑफिसर उठून उभे राहिले. मंजिरीने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की वळ दोन दिवस राहिला. उमरेडकरांनी शांतपणे, जोडलेल्या घराची आकृती काढून, खुलासा केला. मधली भिंत म्हणजे प्लास्टरच्या दोन पातळ पाट्या. भिंतीपलीकडे मूल झोपतं. जी गोळी त्या भिंतीतून आरपार जाईल ती, बाकी कितीही चांगली असली, तरी नापास. यादीतल्या जवळजवळ सगळ्या गोळ्या त्यांनी चिऊच्या रकान्यात नापास केल्या होत्या.

पोक्त ऑफिसरने चष्मा काढला. "सर, यू नो यू कान्ट कॅरी वन हिअर, राइट?"

"आय नो. ओन्ली फॉर स्टडी."

मला खरं म्हणजे तिथे गहिवरून यायला हवं होतं. पण अडीच तास खुर्चीवर बसल्यावर माणसाला गहिवर येत नाही. रात्री अंथरुणावर पडलो तेव्हा ठरवून टाकलं की उद्या हा विषय संपवायचा. सही करायची असेल तर करून टाकायची, नसेल तर तोंडावर नाही म्हणायचं. पण या गोळीला माझ्या घरात पुन्हा पाऊल ठेवू द्यायचं नाही.

रविवारी सकाळी मी पेन घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो. फ्रिजवरचा अर्ज काढला, त्यांना डायनिंग टेबलाशी बसवलं आणि म्हटलं, "आज हा पाठवायचा. मी प्रश्न वाचतो, तुम्ही उत्तर द्या."

"पण भाऊ, गोळी फायनल..."

"गोळी खड्ड्यात गेली. नाव?"

नाव, पत्ता, उंची, डोळ्यांचा रंग. मी कारकुनासारखा भराभरा लिहीत होतो. पुढच्या पानावर प्रश्न होता, गेल्या दोन वर्षांत घटस्फोट, विभक्त होणं किंवा नोकरी जाणं असं काही घडलं आहे का. मी वाचला आणि "नाही" च्या चौकोनाकडे पेन नेलं.

"थांबा," उमरेडकर म्हणाले.

मी थांबलो. ते टेबलाकडे पाहत होते.

"हो लिहा."

मला वाटलं नोकरी गेली. मी तसं विचारलंही. त्यांनी मान हलवली. "नोकरी आहे. वैशाली गेली. मोतीबिंदूचं मी तुम्हाला सांगितलं ते... म्हणजे ऑपरेशन झालं बाबांचं, ते खरं आहे. पण ती त्यासाठी नाही गेली."

दोन वर्षं मी या माणसाशी गोळीच्या वजनावर वाद घातला होता. भिंतीपलीकडे तो एकटा जेवतो, हे मला माहीत असून मला काही सुचलं नव्हतं. माझी मलाच लाज वाटली.

"भांडली का?" मी विचारलं.

"भांडली असती तर बरं झालं असतं. काहीतरी डेटा मिळाला असता." ते हसले नाहीत. "सतरा वर्षांचं लग्न. बॅग भरली, फ्रिजमध्ये चार दिवसांचं वरण करून ठेवलं आणि म्हणाली, जाते. मी विचारलं, कधी येशील? म्हणाली, पाहू. बस. तेव्हापासून फोनवर नुसतं थंडी किती, बिल भरलं का, एवढंच."

मग त्यांनी माझ्या हातातल्या अर्जावर एका जागी बोट ठेवलं. पत्नीचं नाव आणि पत्नीची सही. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की सही नसेल तर सरकार तिला स्वतः कळवेल.

"कोर्सच्या मास्तरांनी सांगितलं होतं," ते म्हणाले. "सरकारी माणूस बायकोला फोन करू शकतो. विचारतो, हा माणूस कसा आहे. तुम्हाला याची भीती वाटते का? याच्या हातात पिस्तूल द्यावं का? तेव्हा ती काहीतरी सांगेलच ना, भाऊ. सरकारला खोटं नाही सांगत ती. मला नाही सांगितलं, पण त्याला सांगेल. हा माणूस असा आहे म्हणून."

"म्हणजे तुम्हाला पिस्तूल नको होतं?"

"पिस्तुलाचं मी काय करू? मला तर फटाक्याची भीती वाटते."

"मग दोन वर्षं अर्ज पाठवला का नाही?"

उमरेडकरांनी टोपी काढली. त्यांचं डोकं मी पहिल्यांदाच नीट पाहत होतो. बरंच टक्कल पडलं होतं.

"वाईट सांगितलं तर?" ते म्हणाले.

मी पेनाला टोपण लावलं. "उमरेडकर, या अर्जावर मी सही करणार नाही. आणि जे विचारायचं ते सरकारी माणसाने का विचारायचं? तुम्ही विचारा. तिकडे आत्ता संध्याकाळ आहे. लावा फोन."

"काय विचारू?"

"हेच. मी कसा माणूस आहे."

त्यांनी फोन हातात घेतला, खाली ठेवला, पुन्हा घेतला. मला वाटलं आता म्हणतील, भाऊ, फायनल नाही झालं अजून. पण नाही म्हणाले. फोन लावला आणि कानाशी धरून वरच्या मजल्याच्या जिन्यावर जाऊन बसले. "हं, मीच बोलून राहिलो," एवढं मला ऐकू आलं. मग मी बूट घालून बाहेर पडलो. रात्रभर बर्फ पडलं होतं. काहीतरी करायला हवं म्हणून मी फावडं घेऊन त्यांचा ड्राइव्हवे शोव्हल करत राहिलो. निम्मा झाला तेव्हा मंजिरी खिडकीतून खुणेने विचारत होती, सही केली का. मी मानेनेच नाही म्हटलं.

पाऊण तासाने दार उघडलं. उमरेडकर डोक्याला टोपी न घालता बाहेर आले आणि ओल्या पायरीवर बसले. डोळे लाल झाले होते.

"काय म्हणाल्या?"

"भीती अजिबात नाही वाटत म्हणाली. चांगला माणूस आहेस म्हणाली. पण तुझ्यासोबत राहिलं की काहीच कधी ठरत नाही म्हणाली. मूल व्हावं की नाही, हे ठरवता ठरवता माझं वय निघून गेलं, म्हणाली. हे मला माहीतच नव्हतं, भाऊ. मला वाटायचं, दोघं मिळून विचार करून राहिलो."

शेजारच्या घराचं गराज उघडलं, एक गाडी निघून गेली. मी फावडं भिंतीला टेकवलं.

"मी म्हटलं, परत ये," उमरेडकर म्हणाले. "एका दमात म्हटलं. इकडे नको वाटत असेल तर मी तिकडे येतो, उद्या तिकीट काढतो, हेपण म्हटलं."

"मग?"

"म्हणाली, विचार करून सांगते." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, पण शाळेच्या दाराशी घ्यायला कोणी न आलेल्या पोराचा चेहरा होता. "नितीनभाऊ, विचार करायला माणसाला किती वेळ लागतो हो?"

दोन वर्षांत पहिल्यांदाच मला या माणसाचा राग आला नाही. मी पायरीवरचं बर्फ हाताने बाजूला सारलं आणि त्यांच्याशेजारी बसलो.

"लागतो थोडा," मी म्हटलं.